मान टाकलेले रुमाल

त्या लाँड्रीत तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे तिला घडी म्हणायचे. कापडांच्या घड्या घालायची म्हणून घडी, त्यात दुसरं काही नाही. चादर असो की उशीचा अभ्रा, तिच्या हाताखालून गेलेलं कापड शहाण्यासारखं वागायचं. कोपरा कोपऱ्यावर बसायचा, वरून तळहाताची एक थाप पडायची, आणि थप्पी सुरीनं कापल्यासारखी उभी राहायची. बोलणं मात्र तिचं नेमकं उलटं, विस्कटलेल्या अंथरुणासारखं. सुरुवात कुठं न् शेवट कुठं, ते ऐकणाऱ्यानं शोधावं.

हातांची ही खोड घरीही सुटत नव्हती. पाव गुंडाळायचं फडकं, नवऱ्याचे मोजे, रिकामी पिशवी, जे हाताला लागेल त्याची ती घडी घालायची. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता. कधीतरी उगवायचा आणि म्हणायचा, "मलाही घडी घालून कपाटात ठेव की. निदान जागेवर सापडेन."

तर अशी ही घडी, आणि तिची आठ महिन्यांची लेक ठमी. पोरीच्या मांड्यांना इतक्या वळ्या, की आंघोळ घालताना एकेक वळी उलगडून बघावी लागे, आत काय राहिलंय. एरवी ठमी दिवसभर आजीजवळ, म्हणजे घडीच्या सासूजवळ असायची. पण आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं बजावलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. ठमी जड होती आणि कायम जमिनीवर असायची. त्यामुळे आजी बाद.

लाँड्रीत पोरांना मनाई. बॉयलर, वाफेचे नळ, इस्त्रीचे तापलेले रूळ, सगळा आगीचाच कारभार. घडीला हे काम मिळवून दिलं होतं तिच्या नणंदेनं. नणंद तिथं कपड्यांतलं पाणी काढायच्या यंत्रावर होती. बाई दणकट, आणि जीभ बाईहून दणकट. तिनंच मध्ये पडून मुकादमाला विचारलं.

मुकादम म्हणजे लाँड्रीचा खरा मालकच म्हणा. कागदावरचा मालक नुसता सह्या करायला यायचा. मुकादमाच्या नाकाच्या शेंड्यावर कायम घामाचा एक थेंब लोंबकळत असायचा, आणि तो पडताना कधी कुणी बघितला नव्हता. माणूस तसा वाईट नव्हता, पण खळीच्या बाबतीत वेडा. हॉटेलच्या रुमालांना लागणारी खळ तो स्वतः शिजवायचा, तांब्याच्या हंड्यात, लाकडी दांड्यानं ढवळत. दुसरं कुणी हंड्यात नुसतं डोकावलं तरी त्याला आपल्या ताटात थुंकल्यासारखं वाटायचं.

"आण पोरीला," तो म्हणाला. "टेबलाखाली ठेव. रडली तर तुझं तू बघ. पण एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. तिचं एक जरी फडकं माझ्या पांढऱ्या कपड्यांत दिसलं ना, त्या दिवशी तुम्ही दोघी गेटाबाहेर. मग तुझी ही नणंद माझ्या पाया पडली तरी नाही."

"मी कशाला पडतेय पाया," नणंद म्हणाली. "माझे गुडघे दुखतात."

घडीनं मान हलवली. काम जाऊन चालणार नव्हतं. सासूचा दुसरा डोळा अजून व्हायचा होता, आणि ट्रकवरून काय येईल न् कधी येईल याचा भरवसा नव्हता. शिवाय त्या टेबलाएवढं दुसरं कुठलंच काम तिच्या हातांना असं बसलेलं नव्हतं.

लंगोटांची व्यवस्था तिनं अशी लावली. हॉटेलचे विरलेले, भोकं पडलेले रुमाल लाँड्रीत बाद व्हायचे आणि मुकादम ते बायकांना वाटून टाकायचा. असे दोन दोन रुमाल घडीनं पाठीला पाठ लावून शिवले होते. एकाचं भोक दुसऱ्याच्या धड बाजूनं झाकलं जायचं. धुऊन धुऊन ते लोण्यासारखे मऊ झालेले. कोपऱ्यातली लाँड्रीची खूण, निळ्या दोऱ्याचे टाके, ती तशीच राहिली होती. कोरडे लंगोट टेबलाखाली ठमीच्या टोपलीमागं, कापडी पिशवीत. ओले मागच्या दाराच्या खिळ्याला, मेणकापडाच्या पिशवीत. सुट्टी झाली की मागच्या मोरीत ती ते साबणानं चोळायची, बॉयलरच्या उकळत्या पाण्यातून काढायची, आणि वाफेच्या नळावर टाकायची. तिथं ते बघता बघता वाळत. बदलायचं ते उभ्यानंच. एक पाय उलट्या बादलीवर, मांडीवर ठमी आडवी, दातांत पिन. पिन लावताना मध्ये आपलं बोट घालायचं, म्हणजे टोचली तर आपल्याला टोचावी. घडीच्या डाव्या बोटावर बारीक ठिपक्यांची रांगच उठली होती.

"अख्ख्या गावात इतके कपडे कुणाचे निघत नाहीत," नणंद म्हणायची. "हॉटेलवाल्यांपेक्षा मोठं गिऱ्हाईक आहे आपल्याकडे. फक्त पैसे देत नाही."

काही दिवस हे बिनबोभाट चाललं.

मग हॉटेलातल्या त्या जेवणाचा दिवस उजाडला. कुणा कारखानदाराच्या आईचा वाढदिवस होता, दुपारची मोठी मेजवानी. सकाळपासून हॉटेलचे फोन. घडीच्या टेबलावर कडक रुमालांच्या थप्प्या रांगेत उभ्या राहत होत्या. मध्येच उठून तिनं मागच्या नळावरचे वाळलेले लंगोट आणले. पिशवीत कोंबण्याआधी जरा सरळ करावेत म्हणून टेबलाच्या कडेला ठेवले.

आणि इथं हातांनी तिचा घात केला. कान टोपलीतल्या ठमीच्या कुरकुरीकडे, डोळे दाराकडे, आणि हात आपले चालूच. आधी उभी घडी, मग आडवी, मग कोपरा आत. हॉटेलच्या रुमालाची घडी. लंगोटाला अशी घडी जगात कुणी घालत नाही. पण हात काय विचारून काम करतात? लंगोटावर लंगोट चढला, वर तळहाताची थाप बसली, आणि ती थप्पी बाकीच्यांच्या रांगेत जाऊन अशी बसली, जशी काय तिथंच जन्मली.

तेवढ्यात ठमीनं भोकाड पसरलं. घडी तिला उचलून मोरीकडे पळाली.

इकडे टेंपो आला, ठरल्याच्या आधीच. "उचल, उचल! हॉटेलवाले डोकं खातायत!" मुकादम आतून ओरडला आणि परत हंड्याकडे वळला. टेंपोवाल्यानं टेबलाच्या कडेपासून थप्प्या उचलल्या, टोपल्यांत भरल्या. हव्या तेवढ्या झाल्यावर शेवटी एक उरली. ती तशीच ठेवून तो गेला.

मोरीत ठमीनं आपलं काम चोख केलेलं होतं, पाठीपर्यंत. घडीनं तिला धुतलं, पुसलं, घाण लंगोट मेणकापडात टाकला आणि उघड्या बुडाची पोर काखेत मारून टेबलाशी आली. टेबलावर एक थप्पी होती. तिनं न बघताच वरचा उचलला.

तो बोटांत नव्या कागदासारखा वाजला.

घडी जागच्या जागी थिजली. तिनं उलगडून बघितलं. एकपदरी. कोरा, कडक. हॉटेलचा. तिनं खालची पिशवी चाचपली, रिकामी. टेबलाची दुसरी बाजू बघितली, साफ.

"वन्सं," ती यंत्राजवळ जाऊन म्हणाली. "वन्सं, टेंपो गेला?"

"कधीच. का?"

"माझी थप्पी गेली."

"कसली थप्पी?"

"ठमीची."

नणंदेनं यंत्राचं बटण दाबलं. घरघर थांबली.

"घडे, चेष्टा करतेयस म्हणून सांग."

"मी घडी घातली त्यांची, वन्सं. हॉटेलची घडी."

"अगं पण का?"

"मला काय ठाऊक का! हातांनी घातली!"

"म्हणजे आज कारखानदाराची आई ठमीच्या लंगोटाला तोंड पुसणार," नणंद म्हणाली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हललाच. मग तिची नजर खळीच्या खोलीकडे गेली. हसू तिथंच विझलं. आतून दांड्याचा हंड्यावर टक टक आवाज येत होता.

"ऐक. खळ घट्ट होईपर्यंत तो हंडा सोडत नाही. तेवढाच वेळ आहे. ही थप्पी घे, तिकडची आण. माणसं बसायच्या आत. मला विचारलंच, तर सांगते, घडीच्या पोटात मुरडा आलाय."

"आणि ठमी?"

"तिला ने बाई. यंत्र आणि ती एकदम गळायला लागली तर मी कुणाकुणाला पिळू?"

ठमीचं बूड उघडंच होतं. रस्त्यात काय होणार हे घडीला पुरतं ठाऊक होतं. लाँड्रीत बायकांनी डोक्याला रुमाल बांधलाच पाहिजे असा नियम होता. तिनं तो ओढून काढला, त्रिकोण केला, ठमीला गुंडाळला, पिन मारली. एका काखेत पोर, दुसरीकडे कोऱ्या कागदात गुंडाळलेली थप्पी, आणि मागच्या दारानं ती रस्त्याला लागली.

हॉटेल उताराच्या तळाशी होतं. वाटेत सायकलींचं दुकान, काचवाला, शाळेची लांबलचक भिंत. घडी पळत नव्हती, पळणाऱ्या बाईकडे लोक बघतात. ती नुसती पाय उचलत होती. काचवाल्यानं विचारलं, "अगं, डोकं उघडं टाकून कुठं?" तर ती म्हणाली, "आले आले," आणि पुढं गेली.

भिंतीच्या अर्ध्यात तिच्या कमरेवर ऊब पसरली. मग ती ऊब खाली ओघळली. डोक्याचा रुमाल एकपदरी, घाम टिपायला ठीक. ठमीपुढं त्याचं काय चालणार? थप्पीचा हात घडीनं चटकन लांब केला. एक थेंब कागदावर पडला असता तर सगळंच मुसळ केरात. ठमीनं ओल्या कापडात पाय आखडले आणि रडायला सूर लावला.

घडी भिंतीला टेकली. पोर ओली. हातात कोरड्या कापडाची अख्खी थप्पी. एक काढला तर? एकच. तिनं कागदाची कड उकललीसुद्धा. पांढरी शुभ्र घडी दिसली, तिचीच घडी, आणि तिनं कड परत मिटली. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही त्यात. एक रुमाल कमी पडला की हॉटेलवाला फोन लावणार आणि तो फोन मुकादम उचलणार, एवढंच.

"गप गं ठमे," ती म्हणाली. "तुझंच सामान आणायला चाललोय."

हॉटेलच्या मागच्या दाराशी भाज्यांची खोकी रचलेली होती. स्वयंपाकघरात वाफ, आरडाओरडा, भांड्यांचा दणदणाट; कुणाला कुणाकडे बघायला सवड नाही. घडी अंग चोरून त्यातून पार झाली आणि झुलत्या दारातून दालनात डोकावली.

टेबलं लागलेली होती. प्रत्येक ताटापुढं एक काचेचा पेला, प्रत्येक पेल्यात रुमालाचा पंखा. ताठ, उभा, पाती फुलवलेला. पण सगळेच तसे नव्हते. मधूनच एखादा पंखा पेल्याच्या काठावर आडवा लोळत होता, गळा आवळल्यासारखा. घडीला लांबूनच कळलं. मान टाकलेला तो आपला.

त्याच क्षणी एक चिरका आवाज आला. "हे बघा! हे पण मेलं! तिसऱ्यांदा उभं केलं हे. लाँड्रीवाल्यांनी काय खळीऐवजी ताक घातलं? थांबा, आता फोनच लावतो." तो हॉटेलचा कॅप्टन होता, वेटरांचा म्होरक्या. काळा कोट, आणि मान अशी ताठ, की त्याच्या स्वतःच्या मानेलाच खळ केलेली असावी.

तो भिंतीवरच्या फोनकडे वळला. घडी आडवी गेली.

"साहेब, लाँड्रीतून आले. एक थप्पी बिनखळीची आली तुमच्याकडे. ही घ्या कडक, ती मऊ परत द्या."

आयुष्यात पहिल्यांदा तिचं वाक्य सुरू झालं तसं सरळ संपलं. कॅप्टनचा हात फोनवरच थांबला. त्यानं तिच्या उघड्या डोक्यावरून ठमीकडे नजर आणली.

"आणि हिला? हिलाही खळ करून आणलंय का?"

"माझी लेक आहे. घरी कुणी नाही."

"ओली दिसतेय."

"दात येतायत साहेब. लाळ गळते."

"खालून?"

कॅप्टननं दालनाच्या मोठ्या दाराकडे बघितलं. बाहेर गाड्यांची दारं लागत होती.

"माझ्या घरी जुळे आहेत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मला नको शिकवू कुठून काय गळतं. गालिच्यावर एक थेंब दिसला तर बघ. चल, हात चालव."

घडीनं हात चालवले. मेलेला पंखा उपसायचा, एप्रनच्या पोटाशी असलेल्या मोठ्या खिशात कोंबायचा, कडक रुमाल काढायचा, तसाच पंखा करून पेल्यात. पंखा तिनं जन्मात कधी केला नव्हता. एकदा बघितला आणि हातांनी तो उचलला. तेवढी एक परतफेड हातांकडून झाली. ठमी कडेवरून पेल्यांना हात घालत होती. एक पेला डगमगला, घडीनं कोपरानं सावरला. दारातून पहिले पाहुणे आत आले, हसत, एकमेकांना हात देत. घडी पाठ करून पुढच्या टेबलाला. तिच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओला पट्टा उतरला होता. तो भिंतीकडच्या बाजूला ठेवत ती खेकड्यासारखी तिरकी चालत होती.

खिसा फुगला. कागदात एकच कडक रुमाल उरला. म्हणजे एक आपला अजून कुठंतरी होता. तिनं सगळी टेबलं नजरेखालून घातली. सगळ्या माना ताठ. मग बघते तर मुख्य टेबलाच्या मधोमध एक पेला रिकामा. आणि त्या पेल्यामागं, गडबडीच्या आधीच येऊन बसलेली, एक हडकुळी म्हातारी. रुमाल तिच्या मांडीवर पसरलेला. जिचा वाढदिवस, ती हीच.

पण आता थांबून भागणार नव्हतं.

"आजी," ती जवळ जाऊन वाकली, "हा रुमाल बदलून देते. जरा मऊ राहिलाय. हा घ्या, कडक."

"नको. कडकानं माझे ओठ सोलतात."

"आजी, तो जुना आहे जरा."

"मीही आहे."

"नाही पण, तो... साहेब रागावतील मला."

"कुठले साहेब? बिल माझा लेक देतोय."

म्हातारीनं रुमाल उचलला, बोटांनी चाचपला. दुहेरी पदर तिच्या अंगठ्याखाली एकमेकांवर सरकले. मग तिचं बोट कोपऱ्याशी थांबलं. तिथं बारीक बारीक भोकं होती, एकाशेजारी एक, पिनेची. तिनं दुसरा कोपरा धरला. तिथंही तशीच. म्हातारीनं मान वर केली आणि आधी ठमीच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली, जिथं घडीच्या डोक्याचा रुमाल ठिबकत होता.

पलीकडे कॅप्टन पाहुण्यांना खुर्च्या दाखवत होता, त्याची पाठ इकडे होती. म्हातारीनं तोंड उघडलं असतं तर ती पाठ वळायला काही वेळ लागला नसता.

"धुतलाय ना?" म्हातारीनं हळूच विचारलं.

"उकळून, आजी. साबणानं चोळून, मग उकळून."

म्हातारीनं हनुवटीनं खिडकीकडे खूण केली. तिथं एक जाडजूड माणूस कानाला फोन लावून मोठमोठ्यानं कुणाला तरी झापत होता.

"तो बघ. त्याला मी पिठाच्या पोत्यांच्या फडक्यांत वाढवला. चरचरीत फडकी. म्हणून असा चिडका झाला असेल." तिनं रुमाल परत मांडीवर टाकला आणि त्यावर हात ठेवला. "हा राहू दे माझ्याकडे. तू जा आणि तिला आधी कोरडी कर. बुडाला गारठा भरेल."

घडीनं कडक रुमाल रिकाम्या पेल्यात खोचला आणि सटकली. मागच्या दाराबाहेर, भाज्यांच्या खोक्यांमागं, एक पाय खोक्यावर ठेवून तिनं ठमीला मांडीवर आडवी घेतली. खिशातला पहिला लंगोट काढला. पंख्याच्या चुण्या पडल्या होत्या त्यावर. तो झटकला, लावला, पिन मारली. ठमीनं लगेच रडं थांबवलं आणि खोक्यातला कोबी उपटायला लागली.

चढ चढताना घडी मनातल्या मनात सगळं पुन्हा चाचपत होती. थप्पी पोचली. लंगोट आले. एक राहिला, पण तो बोलणार नव्हता. हंडा अजून चुलीवर असला म्हणजे झालं.

हंडा चुलीवर नव्हता. लाँड्रीच्या दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच मुकादमाचा आवाज कानावर आला.

"माझ्या खळीत खोट? माझ्या? तो कॅप्टन फोनवर माझे आभार मानतोय! म्हणे, बिनखळीचे रुमाल तुमची बाई येऊन बदलून गेली, बरं झालं, नाहीतर माना टाकल्या होत्या त्यांनी! इतकी वर्षं हंडा सांभाळतोय मी. एक रुमाल कधी वाकला नाही!"

मुकादम यंत्रासमोर उभा होता. बोटांना खळ चिकटलेली, ती तो अंगठ्यानं चोळून चोळून बघत होता. समोर नणंद, हात पुसत.

"खळ बरोबर आहे. मग घोटाळा पुढं झाला. खळीतून काढल्यावर तू ते परत पाण्यातून काढलेस. बोल. काढलेस की नाही?"

नणंदेची नजर दारात उभ्या घडीवर पडली आणि तशीच पुढं सरकली, जशी काय दारात कुणी नाहीच.

"असेल," ती म्हणाली. "झालं असेल माझ्या हातून."

"असेल? मग सोड ते यंत्र. खळ धुऊन टाकणारी बाई मला नको."

घडीला वाटलं, आता गप्प बसावं. वन्सं दणकट आहेत, त्यांना दुसरीकडे काम मिळेल. वाटलं खरं. तेवढ्यात नणंदेनं एप्रनची गाठ सोडायला हात मागं नेला.

"खळीत खोट नव्हती," घडी दारातूनच म्हणाली. "वन्संनीही काही केलं नाही. त्या थप्पीला खळ लागलीच नव्हती. ते हॉटेलचे रुमाल नव्हतेच. ठमीचे लंगोट होते."

नणंदेनं डोळे मिटले. "घ्या! सगळ्या जगाची घडी घालते, स्वतःच्या तोंडाची तेवढी येत नाही हिला."

मुकादम हळूहळू वळला. आणि तेव्हा त्याच्या नाकावरचा तो थेंब खरोखरच पडला.

"हॉटेलात?"

"हो."

"टेबलांवर?"

"पेल्यांत. पंखे करून."

"आणि त्यांनी माना टाकल्या."

"सगळ्यांनी."

"आणि माझे?"

"तुमचे ताठ उभे होते, मुकादम. अगदी खिळ्यासारखे. म्हणून तर माझे लांबूनच ओळखू आले."

मुकादमानं बोटावरची खळ एप्रनला पुसली. बराच वेळ पुसत होता.

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"पांढऱ्यात दिसलं की दोघी गेटाबाहेर."

"मग?"

घडीनं टेबलाखालची टोपली ओढली, कापडी पिशवी घेतली, मागं जाऊन खिळ्यावरची मेणकापडाची पिशवी काढली. जाता जाता तिचा हात टेबलावरच्या एका तिरक्या चादरीकडे गेला. चादर सरळ केली. मुकादम बघत होता. ती गेटापर्यंत पोचली, तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"टेबल गेलं तुझं. ते परत मागू नकोस."

ती थांबली.

"मागच्या अंगणात, दोऱ्यांवर, कुणी टिकत नाही माझ्याकडे. चादरी ओल्या असतात, खांद्यांचं भुस्कट होतं. उद्या त्या मेजवानीचं सगळं धुणं येणार. जमत असेल तर ये. तिकडं बॉयलर नाही, पोर झाडाखाली पडू दे. पण या दाराच्या आत पाय नाही. तुझाही नाही, तिचाही नाही."

"येते," घडी म्हणाली. आभार मानायला ती विसरली की तिनं मानलेच नाहीत, हे नणंदेनं नंतर विचारलं, तर तिलाही सांगता आलं नाही.

दोऱ्यांवरचं काम सांगितलं होतं तसंच होतं. ओली चादर म्हणजे मेलेलं वासरू खांद्यावर घेतल्यासारखी. वाऱ्यानं उलटून तोंडावर बसायची ती वेगळीच. वाळलेले कपडे उतरवायचे आणि तसेच ढिगानं आत द्यायचे. घडी घालायची ती आतल्यांनी. खिडकीतून तिला आपलं टेबल दिसायचं. त्यावर आता एक नवी मुलगी होती, तिच्या थप्प्या प्यायल्यासारख्या झुकायच्या. घडीच्या बोटांना मुंग्या यायच्या. ती तोंड फिरवायची आणि पुढची चादर टाकायची.

लंगोटांचा तिनं कायमचा बंदोबस्त केला. मेजवानीच्या दिवशीच संध्याकाळी घरी बादलीभर पाण्यात नीळ ओतली, सढळ हातानं, आणि सगळे लंगोट त्यात बुडवले. निघाले ते गर्द निळे. ठमीचं बूडही काही दिवस निळसर दिसायचं. सासू पट्टी बांधलेल्या डोळ्यावर हात ठेवून दुसऱ्या डोळ्यानं बघायची आणि म्हणायची, "मला तरी दिसतंय ते खरं, की डॉक्टरनं काही बिघडवलं?"

मेजवानीचं धुणं आलं तेव्हा नणंद यंत्र सोडून अंगणात आली. चिमटीत काहीतरी धरलं होतं.

"घे. तुझ्या आजीबाईंनी परत पाठवलाय. हॉटेलच्या ढिगात होता. मुकादमाच्या आधी मी बघितला म्हणून बरं."

तो शेवटचा लंगोट होता. मधोमध तळहाताएवढा बीटाचा डाग.

घडीनं तो साबणानं चोळला. उकळला. लिंबू लावून भर उन्हात टाकला. ठमीनं आजवर जे काही केलं होतं, ते सगळं एका उन्हात निघालं होतं. म्हातारीचं बीट मात्र हलेना. शेवटी तिनं तो तसाच निळीत बुडवला आणि बाकीच्यांच्या रांगेत दोरीला लावला. डाग जांभळा झाला.

दुपारी मुकादम खळीच्या खोलीच्या खिडकीत घाम पुसायला आला. त्याची नजर निळ्या रांगेवरून फिरत त्या एकावर थांबली.

"ते काय आहे?"

"ठमीचा लंगोट."

"आणि तो डाग?"

"तो हॉटेलचा," घडी म्हणाली, आणि पुढची चादर खांद्यावर घेतली.